ओगरचा सोटा उचलण्याआधी : अवजड शस्त्रांच्या पळवाटा, नव्या खेळाडूंसाठी

गेल्या पावसाळ्यात माझी भाची पहिल्यांदा आमच्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर बसली. फासे टाकत गोष्ट रचायचा हा खेळ, त्यात प्रत्येक जण एक पात्र चालवतो. तिचं पात्र म्हणजे दुसऱ्या लेव्हलची बार्बेरियन, संतापाच्या भरात लढणारी योद्धा. चौघांनी मिळून एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, लोळवला, मी फासे गोळा करत होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "मामा, त्याचा तो सोटा मी घेतला तर?"

सदाशिव पेठेतल्या या टेबलावर मी बरीच वर्षं डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) खुर्चीत बसतो आहे, आणि हा प्रश्न नव्या खेळाडूंकडून हमखास येतो. येणारच. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ओगरच्या ग्रेटक्लबचा, म्हणजे त्या सोट्याचा, डॅमेज २डी८ अधिक ४ असा छापला आहे, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे आणि वर त्याच्या ताकदीचे ४. तोच ग्रेटक्लब तुम्ही विकत घेतला तर डॅमेज १डी८. समोर मेलेल्या राक्षसाच्या हातात दुप्पट फाशांचं शस्त्र पडलेलं असताना ते उचलावंसं वाटलं नाही, तर हा खेळ खेळायचा कशाला?

मोठ्या शस्त्राची ही हौस अगदी खरी आहे आणि ती कोणी मोडू नये, असं मला मनापासून वाटतं. अडचण दुसरीकडे आहे. पळवाट सापडली की लोक आधी वाद घालतात आणि हिशेब नंतर करतात, किंवा करतच नाहीत. मी खेळाडू असताना कोथरूडला एका घरी आमची अख्खी दुपार अशी गेली होती. दोनला बसलो, साडेपाचपर्यंत एका तलवारीवरून बोलत राहिलो, आणि घरी जाताना बसमध्ये आकडे मांडले तेव्हा कळलं की त्या तलवारीने नुकसानच होणार होतं. तो हिशेब आधी केला असता तर लढाई पूर्ण झाली असती. म्हणून खालचा क्रम.

पहिली पायरी : हातात कुठल्या आवृत्तीचं पुस्तक आहे ते बघा

हे क्षुल्लक वाटतं, पण निम्मे घोळ इथेच होतात. मोठ्या भावाकडून ऐकलेला नियम २००३ च्या साडेतीन आवृत्तीतला असतो, टेबलावर खेळ चालू असतो पाचव्या आवृत्तीचा, आणि इंटरनेटवर वाचलेलं उदाहरण असतं पाथफाइंडर या दुसऱ्याच खेळाचं. तिन्हीकडे मोठ्या शस्त्राचा विचार वेगवेगळा केला आहे.

साडेतीन आवृत्तीत शस्त्रं तीन प्रकारची : हलकं, एकहाती आणि दोनहाती. शस्त्र तुमच्या आकारापेक्षा एक पायरी मोठं असलं की ते एक प्रकार वर सरकतं आणि वाराला (वार बसतो का हे ठरवणाऱ्या फाशाला) उणे २ लागतात. म्हणजे लार्ज आकाराची (ओगरच्या मापाची) एकहाती लाँगस्वोर्ड मीडियम माणूस दोन हातांनी धरू शकतो. लार्ज आकाराची दोनहाती ग्रेटस्वोर्ड मात्र त्याला पेलतच नाही, कारण दोनहातीच्या वर सरकायला जागा नाही.

पाचव्या आवृत्तीत (२०१४) हे प्रकार सरकवणं गेलं आणि त्याजागी डिसॲडव्हांटेज आला : वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा धरायचा. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) तर पळवाटेच्या तोंडावरच दगड ठेवला आहे. लहान किंवा मध्यम आकाराच्या पात्राने लार्ज शस्त्र धरलं तर त्याला 'क्लम्झी १' हा अवघडलेपणाचा दंड लागतो, आणि शस्त्राच्या मोठेपणाचा फायदा ते फिरवण्याच्या अडचणीत खर्ची पडतो, म्हणून वेगळा लाभ काहीच नाही, असं नियमातच लिहिलं आहे. अपवाद म्हणजे जायंट इन्स्टिंक्ट हा प्रकार घेतलेला बार्बेरियन. त्याने असं शस्त्र धरलं की रेजचा (संतापाच्या भराचा) जादा डॅमेज २ ऐवजी ६ मिळतो, क्लम्झी मात्र सुटत नाही. त्या पुस्तकांच्या चित्रांत अवाढव्य तलवार घेतलेली अमिरी ही बार्बेरियन दिसते ती याच जातीची. ज्यांना फक्त मोठ्या तलवारीचं पात्र खेळायचं आहे, त्यांना मी बेधडक हा खेळ सुचवतो. तिथे वादाला जागाच ठेवलेली नाही.

दुसरी पायरी : नियम कुठे लिहिला आहे आणि कोणासाठी लिहिला आहे

पाचव्या आवृत्तीतला मोठ्या शस्त्रांचा नियम खेळाडूंच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. तो २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, नवे राक्षस कसे तयार करावेत त्या भागात आहे. लार्ज प्राण्याच्या शस्त्राचे फासे दुप्पट, त्यावरच्या पायरीच्या ह्यूजचे तिप्पट, त्याहून वरच्या गार्गँच्युअनचे चौपट. फायर जायंट ह्यूज आहे, म्हणून त्याची ग्रेटस्वोर्ड २डी६ ऐवजी ६डी६ मारते. लगेच पुढे दोन गोष्टी येतात. आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्यासाठी बनवलेलं शस्त्र वापरताना वाराला डिसॲडव्हांटेज. आणि शस्त्र दोन किंवा जास्त पायऱ्या मोठं असेल तर ते वापरताच येणार नाही, असं डीएम ठरवू शकतो.

हा मजकूर डीएमला राक्षस बनवायला दिलेला आहे. खेळाडूच्या हाती तसं शस्त्र आलं तर काय, याचं उत्तर त्यात ओझरतं आहे, वजन-किंमत वगैरे काही नाही. त्यामुळे "पुस्तकात लिहिलंय" म्हणून हा नियम डीएमसमोर आपटू नका. तो त्याच्याच हातातला आहे.

याच पायरीवर सगळ्यात जास्त फसवणारा शब्द भेटतो : पॉवरफुल बिल्ड. हा गुण गोलायथ या धिप्पाड जातीला मिळतो, आणि गोलायथ निवडणारा प्रत्येक दुसरा खेळाडू मला सांगतो की तो लार्ज धरला जातो, म्हणून लार्ज शस्त्र चालेल. साडेतीन आवृत्तीत हे खरं होतं. तिथे गोलायथला एक पायरी मोठं शस्त्र विनादंड चालायचं. पाचव्या आवृत्तीत नाव तेच राहिलं आणि अर्थ आकसला : फक्त ओझं वाहणं, ढकलणं, ओढणं, उचलणं यापुरता तो एक पायरी मोठा.

उचलणं आणि चालवणं यातला फरक पुणेकराला समजावून सांगावा लागू नये. इथून पन्नासेक किलोमीटरवर जेजुरी आहे. गडावर खंडोबाचा खंडा आहे, सुमारे ४२ किलोचा. दसऱ्याला तो उचलण्याची स्पर्धा होते. हात ताठ ठेवून एका हातात जास्तीत जास्त वेळ तोलून धरायचा. काही जण दातांत धरून उचलतात. बघताना अंगावर काटा येतो. पण उचलणं वेगळं, तोलणं वेगळं, आणि समोरचा माणूस अंगावर येत असताना वार काढून पुन्हा सावरणं पार वेगळं. लढाईतल्या दोनहाती युरोपीय तलवारी साधारण दोन-तीन किलोच्या असत. खेळातली ग्रेटस्वोर्डही सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाल तेव्हा शस्त्रांच्या दालनात जरा रेंगाळा आणि तलवारींच्या मुठी बघा. पकड किती आवळ असायची ते कळतं. शस्त्र हाताच्या मापाचं लागतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

तिसरी पायरी : वही काढा

अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणा आणि ती कायम सोबत ठेवा. नकाशालाही लागते आणि याला तर लागतेच.

रीत सोपी आहे. वार बसण्याची शक्यता गुणिले बसला तर होणारा सरासरी डॅमेज. फाशाची सरासरी म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मधला आकडा : डी६ ची साडेतीन, डी८ ची साडेचार, डी१२ ची साडेसहा. क्रिटिकल हिट (फाशावर २० पडला की डॅमेजचे फासे दुप्पट) बाजूला ठेवू, त्याने चित्र फारसं बदलत नाही.

पहिल्या लेव्हलचा फायटर घेऊ. स्ट्रेंथ १६, म्हणून अधिक ३, प्रोफिशिअन्सीचे (सरावाचे) २, वाराला एकूण अधिक ५. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार बसायला गाठायचा आकडा, १५. फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरातले ५५ वार बसतात.

साधी ग्रेटस्वोर्ड : २डी६ अधिक ३, सरासरी १०. गुणिले ०.५५, उत्तर साडेपाच.

ओगरचा सोटा : २डी८ अधिक ३, सरासरी १२. पण डिसॲडव्हांटेजमुळे दोन्ही फासे चांगले पडायला हवेत, म्हणजे ०.५५ गुणिले ०.५५. शंभरातले जेमतेम ३० वार बसतात. उत्तर ३.६३.

लार्ज ग्रेटस्वोर्ड : ४डी६ अधिक ३, सरासरी १७. गुणिले ०.३०२५, उत्तर ५.१४.

म्हणजे माणसाच्या मापाची, दुकानातून घेतलेली तलवार दोन्ही राक्षसी शस्त्रांना मागे टाकते. कोथरूडच्या त्या दुपारी आम्ही नेमकं हेच मांडलं नव्हतं.

आता समोरचा आर्मर क्लास ११ करा, खुद्द ओगरचा असतो तेवढा. शंभरातले ७५ वार बसतात, डिसॲडव्हांटेजने सव्वाछप्पन. साध्या ग्रेटस्वोर्डचे साडेसात, सोट्याचे पावणेसात, आणि लार्ज ग्रेटस्वोर्डचे ९.५६. इथे पारडं फिरलं. निष्कर्ष वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : चिलखतवाल्यासमोर मोठं शस्त्र तोट्याचं, उघड्या अंगाच्या सुस्त शत्रूसमोर फायद्याचं.

साडेतीन आवृत्तीचा हिशेब आणखी बोलका आहे. लार्ज लाँगस्वोर्डचा डॅमेज १डी८ वरून २डी६ होतो. मीडियम ग्रेटस्वोर्डचा डॅमेज मुळातच २डी६. म्हणजे उणे २ सोसून, दुप्पट पैसे मोजून, दुप्पट वजन वाहून हातात आलं काय, तर शेजारच्या खुंटीला टांगलेली तलवार. तिथे मंकी ग्रिप नावाचा फीट (पात्रासाठी निवडता येणारं खास कसब) आहे, त्याने लार्ज ग्रेटस्वोर्ड दोन हातांनी धरता येते. ३डी६, सरासरी साडेदहा, म्हणजे साडेतीनचा फायदा, वाराला उणे २. त्याच पुस्तकांतला पॉवर अटॅक हा फीट साध्या दोनहाती शस्त्रावर उणे २ च्या बदल्यात अधिक ४ देतो, आणि नको तेव्हा बंद ठेवता येतो. मंकी ग्रिप मागणाऱ्या प्रत्येकाला मी या दोन ओळी शेजारी शेजारी लिहायला लावतो.

चौथी पायरी : ज्या पळवाटा लोक खरोखर वापरतात

पहिली पळवाट बार्बेरियनची. दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक मिळतो, त्याने वाराला ॲडव्हांटेज येतो : दोन फाशांतला मोठा आकडा धरायचा. ॲडव्हांटेज आणि डिसॲडव्हांटेज एकमेकांना खातात, उरतो सरळ एक फासा. मग लार्ज ग्रेटस्वोर्ड फुकटात पडली की! असं वाटतं. रेज चालू (डॅमेजला अधिक २), आर्मर क्लास १५, तर लार्ज तलवारीचे १९ गुणिले ०.५५, उत्तर १०.४५. पण साधी तलवार घेऊन रेकलेस केला असता तर ॲडव्हांटेज शाबूत राहिला असता : १२ गुणिले ०.७९७५, उत्तर ९.५७. फरक एका हिटपॉइंटपेक्षाही कमी. आणि रेकलेस करायचा विसरलात किंवा नको वाटला, की शिक्षा पूर्ण. यासाठी डीएमशी भांडण्यात अर्थ आहे का, ते वहीकडे बघून ठरवा.

दुसरी पळवाट एन्लार्ज मंत्राची, आणि हिच्यात दम आहे. मंत्राने मीडियम माणूस लार्ज होतो. मंत्र स्वतः त्याने वाढवलेल्या शस्त्राच्या वाराला १डी४ जादा देतो, शस्त्राचे फासे दुप्पट करत नाही. पण लार्ज झालेल्या माणसाच्या हातात आधीपासून लार्ज मापाची तलवार दिली तर? आता ती त्याच्या मापाचीच. डिसॲडव्हांटेज नाही, फासे दुप्पट. फायटरचा हिशेब : साधी तलवार साडेपाच, मंत्रासह साधी तलवार ६.८८, मंत्रासह लार्ज तलवार ९.३५. हा फरक खरा आहे.

यातली खोच नीट बघा. मंत्र अंगावरचं आणि हातातलं सगळंच वाढवतो. लार्ज तलवार हातात धरून मंत्र घेतलात तर ती ह्यूज होईल आणि तुम्ही पुन्हा जिथल्या तिथे. तलवार जमिनीवर हवी, आधी मोठं व्हायचं, मग उचलायची. मंत्र जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या. मंत्र टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन मोडलं तर त्याच क्षणी तुम्ही पुन्हा मीडियम आणि हातात राक्षसाची तलवार. शिवाय लार्ज माणसाला दहा बाय दहा फुटांची जागा लागते. पाच फुटांच्या बोळात तो कसाबसा मावतो, आणि असं आकसून लढताना वाराला पुन्हा डिसॲडव्हांटेजच. पेठेतल्या वाड्यांमधल्या बोळातून कपाट नेलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट नकोत.

आणि दोन लढायांच्या मधे ती तलवार वाहणार कोण? मंत्रातच लिहिलं आहे की लांबी-रुंदी-जाडी दुप्पट झाली की वजन आठपट. त्याच मापाने सहा पौंडांची तलवार ४८ पौंडांची, जवळजवळ २२ किलो. जेजुरीच्या खंड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. आमच्या टेबलावर एका जोडीने यासाठी खास बैल पाळला होता, आणि त्या बैलाला वाचवण्यासाठी झालेली लढाई त्या मोहिमेतली सगळ्यात चुरशीची ठरली.

रून नाइट (२०२०) या फायटरच्या प्रकारातही हेच बीज आहे. जायंट्स माइट ही शक्ती वापरून तो लार्ज होतो. तिथल्या वाक्यात अंगावर घातलेल्या वस्तू मोठ्या होतात असं आहे, हातातल्या शस्त्राचं नाव नाही. त्या एका शब्दावरून तासन्‌तास वाद होतात. मी शस्त्रही वाढतं असं धरतो, पण त्या शक्तीने दिलेला जादा १डी६ हाच त्या वाढीचा डॅमेज मानतो.

जाता जाता : बुटक्या पात्रांचा प्रश्न उलटा आहे. २०१४ च्या नियमांत हाफलिंगला 'हेवी' शस्त्राने डिसॲडव्हांटेज लागायचा. २०२४ च्या नियमांत आकार बघत नाहीत, जवळून मारायच्या हेवी शस्त्राला स्ट्रेंथ १३ लागते. नवी पुस्तकं वापरत असाल तर तुमचा हाफलिंग ग्रेटॲक्स खुशाल फिरवू शकतो. यात पळवाट कसलीच नाही, सरळ नियम आहे.

पाचवी पायरी : डीएमशी बोला, लढाईच्या आधी

लढाई चालू असताना हा विषय काढू नका. चार जण आपापल्या पाळीची वाट बघत असतात. खेळाच्या आदल्या दिवशी फोन करा, किंवा चहाच्या वेळी बाजूला घ्या. आमच्याकडचा एक कॉलेजचा मुलगा फार छान विचारतो : "दादा, मला ओगरची तलवार वापरायची आहे. डिसॲडव्हांटेज घेईन. एन्लार्ज मिळाला की दुप्पट फासे चालतील का? आणि गोब्लिनांनी हेच केलं तर माझी हरकत नाही." या शेवटच्या वाक्याने माझं निम्मं मत तिथेच बनतं. जी वाट खेळाडूला मोकळी, ती शत्रूलाही मोकळी. हे ज्याला मान्य असतं तो खेळासाठी मागत असतो.

डीएमने नाही म्हटलं तर एक पर्याय सुचवून बघा : आकडे साध्या ग्रेटस्वोर्डचेच ठेवायचे आणि वर्णनात तलवार हवी तेवढी मोठी करायची. बऱ्याच जणांना हवं असतं ते चित्र, डी६ ची संख्या नव्हे. हो म्हटलं तर एका रविवारपुरतं करून बघू असं ठरवा, आणि ठरलेलं तिथल्या तिथे लिहा.

माझ्या भाचीशी झालेला करार तिच्या कॅरेक्टर शीटच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला आहे : सोटा एक पायरी मोठा, दोन हात लागतील, डॅमेज २डी८, वाराला डिसॲडव्हांटेज. पाठीला बांधून फिरताना लपता येणार नाही. अरुंद दारातून नेताना आडवा धरावा लागेल. ह्यूज शस्त्र अजिबात नाही.

पुढच्या रविवारी तिने वहीत दोन ओळी मांडून आणल्या होत्या. झॉम्बीचा आर्मर क्लास ८ : कुऱ्हाड (१डी१२) ८.५५, सोटा ९.७२. चिलखतवाल्याचा १५ : रेकलेस करून कुऱ्हाड ७.५८, सोटा ६.६०. स्मशानाचं फाटक उघडलं, आतून सात झॉम्बी हलत-डुलत बाहेर आले. तिने कुऱ्हाड कमरेला अडकवली, सोटा सोडवला आणि दोन्ही डी२० एकदम टाकले. एकावर १४, दुसऱ्यावर ६. लहान धरायचा म्हणून तिने स्वतःच १४ वाला बाजूला सारला, सहा आणि पाच अकरा म्हणाली, आणि २डी८ हातात घेऊन माझ्याकडे बघितलं.

"बसला," मी म्हणालो. "टाक."